नाणं ग्रेडिंगला पाठवायचं की नाही? पाकीट बांधण्याआधी घरी करायच्या तपासण्या

नाण्यांचा नाद नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात एखादं देखणं जुनं नाणं आलं की पहिला प्रश्न येतो, "याचं ग्रेडिंग करून घेऊ का?" लगेच दुसरा प्रश्न, "किती ग्रेड मिळेल?" माझा आग्रह असा की हा दुसरा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी नाणं खरं आहे का ते बघा. मग त्याचा पृष्ठभाग मूळचा आहे की कुणी साफ केलाय ते बघा. या दोन्ही परीक्षांत ते उतरलं, तरच ग्रेड आणि पैशांचं गणित करण्यात अर्थ आहे. मी स्वतः नाणी पाठवतो आणि इतरांची नाणी पाठवण्याआधी बघूनही देतो. त्यात दिसतं ते हेच की निराशा होते ती बहुतेक वेळा या पहिल्या दोन पायऱ्या गाळल्यामुळे.

ज्यांना ग्रेडिंग म्हणजे काय हेच नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं नाणं एका त्रयस्थ कंपनीकडे जातं. तिथले तज्ज्ञ ते खरं आहे का हे ठरवतात, १ ते ७० या मापावर त्याची प्रत ठरवतात आणि नाव, साल, ग्रेड व क्रमांक छापलेल्या लेबलासह ते कडक प्लास्टिकच्या बंद डबीत घालून परत पाठवतात. या डबीला सगळे 'स्लॅब' म्हणतात. ७० चं हे माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलं होतं. पुढे ते सगळ्याच नाण्यांना लागू झालं. आज जगभर जास्त मान आहे तो पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्यांना. दोन्ही १९८० च्या दशकात सुरू झाल्या.

## १. कशासाठी पाठवताय ते आधी ठरवा

कारणं तीनच असू शकतात. नाणं खरं आहे याची खात्री हवी आहे, नाणं विकायचं आहे, किंवा ते नीट जपून ठेवायचं आहे.

फक्त जपायचंच असेल तर ग्रेडिंगची गरज नाही. चांगल्या प्रतीची, पीव्हीसी नसलेली हवाबंद कॅप्सूल तेच काम फार कमी खर्चात करते. विकायचं असेल तर पुढचं गणित करावंच लागेल. आणि नाणं अशा जातीचं असेल की ज्याच्या नकला बाजारात सर्रास फिरतात, तर ग्रेड कितीही कमी मिळाला तरी खरेपणाच्या शिक्क्यासाठी पाठवणं योग्य ठरतं. दुर्मीळ सालाचं झिजलेलं नाणं स्लॅबमध्ये सहज विकलं जातं. तेच सुटं असेल तर घेणारा प्रत्येक जण शंका काढतो आणि त्या शंकेचे पैसे तुमच्या किमतीतून वजा करतो.

## २. हाताशी काय हवं

- एकच प्रखर दिवा, आणि बाकी खोलीत अंधार. छताची ट्यूबलाइट यासाठी निरुपयोगी आहे, कारण तिचा पसरट उजेड बारीक ओरखडे लपवतो.
- ५ ते १० पट मोठं दाखवणारं भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा
- व्हर्नियर कॅलिपर
- छोटं पण जोरदार चुंबक
- खाली अंथरायला मऊ, जाड कापड, म्हणजे नाणं निसटलं तरी टेबलावर आपटणार नाही
- वही आणि पेन

नाणं नेहमी कडेला, दोन बोटांत धरा. पृष्ठभागावर उमटलेला बोटाचा ठसा काही दिवसांनी तांब्यावर कायमचा दिसायला लागतो.

## ३. नाणं खरं आहे का?

वजन आणि व्यास प्रसिद्ध असतात. नाणेसूचीत बघा आणि ताडून घ्या. मॉर्गन डॉलर (अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर) २६.७३ ग्रॅमचा आणि ३८.१ मिलिमीटर व्यासाचा, इंग्लंडचा सोन्याचा सॉव्हरिन ७.९८ ग्रॅमचा, तर राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, ते स्वाभाविकच. पण झीज दिसत नसताना वजन कमी किंवा जास्त भरलं, तर तिथेच थांबा.

चांदी आणि सोनं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर निकाल लागला. चिकटलं नाही म्हणून मात्र खरं ठरत नाही, कारण पितळ आणि तांबंही चिकटत नाही. चुंबकाचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे १९४३ चा अमेरिकन सेंट. त्या वर्षी युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून हे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले गेले. चुकून तांब्याच्या मिश्रधातूचे पडलेले मोजके सेंट अतिशय मौल्यवान आहेत. म्हणून लोक पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून विकतात. चुंबक लावला की ते उघडं पडतं.

घनता तपासणं हा त्यापुढचा उपाय. नाणं आधी हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात लटकतं ठेवून तोला. हवेतल्या वजनाला या दोन वजनांतल्या फरकाने भागलं की घनता मिळते. ९० टक्के चांदीची घनता साधारण १०.३ असते, म्हणजे खरा मॉर्गन डॉलर पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने हलका भरायला हवा. मूळ झळाळी शाबूत असलेल्या किंवा तांब्याच्या नाण्यावर हा प्रयोग करू नका.

इतकं करूनही एक प्रकार निसटतो, आणि नवख्यांना तो सगळ्यात जास्त फसवतो. नाणं खरंच असतं, फक्त साल किंवा टांकसाळीची खूण बदललेली असते. १८९३ चा मॉर्गन डॉलर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत फक्त १,००,००० पाडला गेला. त्याची 'एस' ही खूण दुसरीकडून काढून साध्या १८९३ च्या डॉलरवर चिकटवली की वजन, धातू, व्यास, सगळं बरोबर येतं. १९१६ च्या डेन्व्हर टांकसाळीच्या डाइमचं, म्हणजे अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्याचं, असंच होतं. त्यावर बाहेरून 'डी' लावतात. अशा वेळी भिंगातून अक्षराच्या बुंध्याशी बघा. साच्यातून उमटलेलं अक्षर नाण्याच्या सपाट भागातूनच वर आलेलं असतं आणि त्याच्या भोवतालचा धातू सलग वाहत गेलेला दिसतो. चिकटवलेल्या अक्षराच्या पायाशी बारीकशी फट, डिंकाची कड किंवा रंगात फरक दिसतो. दिवा अगदी तिरपा धरला तर त्या फटीत सावली पडते. शिवाय त्या सालाच्या खऱ्या नाण्यावर ती खूण नेमकी कुठे आणि किती कललेली असते, याचे फोटो कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. ते शेजारी ठेवून बघा.

## ४. कुणी साफ केलंय का?

खरं सांगायचं तर सगळा निकाल याच पायरीवर लागतो. साफ केलेल्या नाण्याला कंपन्या नेहमीचा ग्रेड देत नाहीत. लेबलावर 'डिटेल्स' आणि त्यापुढे 'क्लीन्ड' असं लिहून येतं. असं नाणं खरं असतं, तपशीलही छान असतात, पण किंमत बरीच खाली येते आणि गिऱ्हाइकं पाठ फिरवतात.

बघायचं कसं? खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. एक दिवा चालू ठेवा. नाणं कडेला धरून दिव्याखाली आधी थोडं तिरपं करा आणि मग हळूहळू गोल फिरवा. टांकसाळीतून आल्यापासून न हाताळलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मधून बाहेर पसरलेले दिसतात आणि नाणं फिरेल तसे तेही फिरतात. ठसा मारताना धातू दाबाखाली मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिशय सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. उजेड त्यांच्यावरूनच परततो. या रेषा एकदा घासल्या गेल्या की जगातला कुठलाही उपाय त्या परत आणू शकत नाही.

आता घासलेलं नाणं असंच फिरवा. ते चमकतं, कधी कधी मूळ नाण्यापेक्षाही जास्त, पण ती चमक जागची हलत नाही. एका ठरावीक कोनात अचानक केसासारख्या बारीक समांतर रेघांचा झुबका उजळतो आणि कोन जरा बदलला की नाहीसा होतो. कापडाने किंवा बोटाने पावडर चोळल्याची ही खूण. वापरात पडलेले ओरखडे असे नसतात. ते वाटेल त्या दिशेने, वेगवेगळ्या खोलीचे असतात. आणखी एक जागा बघायला विसरू नका. अक्षरांच्या आणि चित्राच्या कडांना, जिथे फडकं पोचत नाही तिथे, जुना काळपट थर तसाच राहिलेला असतो, आणि मोकळा सपाट भाग मात्र लख्ख. शंभरेक वर्षं हातोहात फिरलेलं झिजलेलं नाणं नव्यासारखं पांढरं दिसत असेल, तर ते कुणीतरी धुतलंच आहे असं समजा.

रसायनात बुडवून काढलेलं नाणं, ज्याला 'डिप' केलेलं म्हणतात, ओळखायला अवघड. एकदाच आणि थोडा वेळ बुडवलेलं असेल तर ते नेहमीच्या ग्रेडमधून निघूनही जातं. वारंवार बुडवलेलं नाणं मात्र पांढुरकं आणि निर्जीव दिसतं.

घासण्याशिवाय 'डिटेल्स'ला नेणारी आणखी कारणं: दागिना करण्यासाठी नाण्याला लावलेल्या कडीचा डाग किंवा भोक, किनारीवर आपटल्याची खोक, खोल ओरखडा, जमिनीत पुरल्यामुळे खाल्लेला पृष्ठभाग, कृत्रिमपणे चढवलेलं टोनिंग (नाण्यावर एरवी काळाबरोबर आपोआप येणारा रंग). कडीची जागा सहसा वरच्या किनारीवर असते. ती नंतर तासून गुळगुळीत केलेली असते, म्हणून नाणं आडवं धरून कड पूर्ण फिरवून बघा.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: पाठवण्याआधी नाणं पुसू नका, धुऊ नका, पॉलिश करू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सोडा, खोडरबर, काहीही नको. याला अपवाद एकच आहे. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी असतं आणि त्याने नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. तो थर तसाच ठेवला तर धातू खातो. चांदी किंवा सोन्याच्या नाण्यावरचा हा थर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो. काचेच्या भांड्यात, मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, नाणं बुडवून ठेवायचं, चोळायचं नाही, आणि बाहेर काढून आपोआप वाळू द्यायचं. नखांचा रंग काढायच्या बाटलीत तेल आणि सुगंध मिसळलेला असतो, ती चालत नाही. मन धजत नसेल तर हे काम कंपन्यांच्या संवर्धन विभागाकडून पैसे देऊन करून घेता येतं.

## ५. ग्रेडचा अंदाज घ्या आणि लिहून ठेवा

मापाची ढोबळ रचना अशी: ४ ते १० म्हणजे बरंच झिजलेलं, १२ ते ३५ म्हणजे मध्यम झीज, ४० आणि ४५ हलकी झीज, ५० ते ५८ म्हणजे फक्त उंच जागांवर पुसटशी झीज, आणि ६० ते ७० म्हणजे अजिबात न वापरलेलं. शेवटच्या गटाच्या आधी 'एमएस', त्याआधीच्याला 'एयू' अशी अक्षरं लागतात. खास चकचकीत साच्यांतून काढलेल्या प्रूफ नाण्यांना वेगळी अक्षरं असतात. तांब्याच्या नाण्यांना रंगाचीही नोंद असते, लाल, लाल-तपकिरी किंवा तपकिरी, आणि लाल रंगाला भाव फार जास्त.

सगळ्यात महत्त्वाची हद्द आहे ५८ आणि ६० मधली. नवखा माणूस एयू-५८ ला खुशाल एमएस-६३ समजतो. चित्रातल्या सर्वांत उंच जागा शोधा. मॉर्गन डॉलरवर त्या म्हणजे लिबर्टी देवीच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती. तिथे तपशील अस्पष्ट असेल तर दोन शक्यता: झीज, किंवा ठसाच कमी दाबाने पडलेला. दिव्याखाली फिरवा. कमी दाबाच्या जागेवरही फिरती झळाळी असते. झिजलेल्या जागेवर ती तुटते आणि राखाडी, मंद डाग दिसतो.

६० च्या पुढे प्रश्न असतो खुणांचा. पोत्यात इतर नाण्यांवर आपटून पडलेले ओरखडे किती आणि कुठे आहेत? केसांत लपलेली खूण माफ होते. देवीच्या मोकळ्या गालावरची तेवढीच खूण एक-दोन ग्रेड खाली आणते.

अंदाज वहीत लिहा, आणि पुढच्या गणितासाठी त्याच्या एक पायरी खालचा ग्रेड धरा. स्वतःच्या नाण्याकडे प्रत्येकाचीच नजर मायेने बघते.

## ६. पैशांचं गणित

खर्च म्हणजे फक्त प्रत्येक नाण्याचं शुल्क नव्हे. सभासदत्व, प्रत्येक पाकिटामागचं हाताळणी शुल्क, दोन्ही बाजूंचं टपाल, विमा, देशाबाहेर पाठवत असाल तर जकात, आणि शेवटी विकताना लिलाववाल्याचं कमिशन, हे सगळं मिळवा. मग प्रत्यक्ष झालेल्या लिलावांचे भाव बघा. छापील दरपत्रकातले भाव बहुतेक वेळा चढे असतात. कुणी मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे.

समजा एकूण खर्चाला १ भाग म्हटलं. नाणं सुटं विकलं तर १० भाग मिळतात, एमएस-६३ ला १२, एमएस-६४ ला १४ आणि 'डिटेल्स' आलं तर ६. म्हणजे ६४ मिळाला तर ३ भाग फायदा, ६३ मिळाला तर १ भाग, आणि डिटेल्स आलं तर ५ भाग तोटा. अशी १० नाणी पाठवली आणि ५ ना ६४, ३ ना ६३, २ ना डिटेल्स आलं, तर १५ अधिक ३ वजा १०, म्हणजे हातात ८ भाग. दहा नाण्यांमागे, काही आठवडे ते काही महिने पैसे अडकवून! दोनाच्या जागी चार नाणी डिटेल्समध्ये गेली की तोटाच. म्हणून चौथ्या पायरीवर इतका वेळ घालवायला सांगतो.

याउलट सुटी किंमतच २ भाग असलेलं सामान्य नाणं असेल, तर सहसा कुठलाच ग्रेड खर्च भरून काढत नाही. अलीकडच्या स्मारक नाण्यांबाबत विशेष जपून. त्यांतली बहुसंख्य ६९ किंवा ७० मिळवतात, आणि ६९ ला सुट्या नाण्याहून फारसा जास्त भाव येत नाही. फायदा फक्त ७० ला, आणि ६९ व ७० मधला फरक घरच्या भिंगाने सांगणं जवळपास अशक्य.

कुठल्या ग्रेडची किती नाणी आजवर नोंदली गेली, याची यादी कंपन्या उपलब्ध करून देतात. ती जरूर बघा, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जास्त ग्रेडच्या आशेने लोक तेच नाणं स्लॅब फोडून पुन्हा पाठवतात आणि ते यादीत दोनदा मोजलं जातं. शिवाय स्वस्त नाणी कुणी पाठवतच नाही, त्यामुळे यादीत कमी संख्या दिसली म्हणजे नाणं दुर्मीळ असं होत नाही.

## ७. कंपनी आणि सेवा निवडताना

ज्या बाजारात विकणार आहात तिथले खरेदीदार कुठलं लेबल मानतात, ते बघून निवडा. अनोळखी कंपनीच्या स्लॅबवरचा ६७ हा आकडा जाणकार खरेदीदार वाचतच नाही. तो नाणं बघतो आणि सुट्या नाण्याचाच भाव देतो. थेट पाठवायचं नसेल तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यामार्फत किंवा प्रदर्शनातल्या त्यांच्या टेबलावर देता येतं.

प्राचीन नाण्यांचं शास्त्र निराळं आहे. एनजीसीच्या प्राचीन विभागात ७० चं माप लागत नाही. प्रत शब्दांत दिली जाते, आणि ठसा व पृष्ठभाग यांना ५ पैकी वेगवेगळे गुण मिळतात. या क्षेत्रातल्या अनेक जुन्या संग्राहकांना नाणं हातात घेऊन बघायचं असतं, त्यांना स्लॅब नकोच असतो. म्हणून विकायचं कुणाला हे आधी ठरवा.

## ८. पाठवताना

लागणारी कागदपत्रं: भरलेला अर्ज आणि त्याची स्वतःकडची प्रत, खरेदीची पावती किंवा जुन्या लिलावाची चिठ्ठी असल्यास तिची प्रत, विम्याचे कागद, परदेशी पाठवत असाल तर सीमाशुल्काचं घोषणापत्र. अनेक देशांत ठरावीक वयापुढची नाणी पुरावस्तू ठरतात आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. नुसतं ग्रेडिंगसाठी पाठवून परत आणायचं असलं तरी हा नियम लागू होऊ शकतो, म्हणून आधी कायदा तपासा.

अर्जात नाण्याची किंमत लिहावी लागते. शुल्क वाचावं म्हणून ती कमी लिहू नका, कारण वाटेत गहाळ झालं तर भरपाई तेवढीच मिळते. साच्यातला फरक किंवा एखादी विशेष जात लेबलावर छापून हवी असेल, तर त्याचं वेगळं शुल्क भरून अर्जात तसं स्पष्ट लिहावं लागतं. नाही लिहिलं तर ते बघितलंच जाईल असं नाही.

प्रत्येक नाणं वेगळ्या, पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पुठ्ठ्याच्या चौकोनात स्टेपल मारलेलं असेल तर सगळ्या पिना आधी पूर्ण उपटून काढा आणि मगच नाणं बाहेर घ्या. अर्धवट निघालेल्या पिनेचा एक ओरखडा पुरेसा असतो. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो काढा. पाकीट हलवलं तर आतून खुळखुळ ऐकू येता कामा नये, आणि बाहेरून 'नाणी' असं कुठेही लिहू नका.

## ९. परत आल्यावर

लेबलावरचं साल, टांकसाळ आणि जात तपासा. छपाईतल्या चुका होतात आणि वेळेत कळवल्यास दुरुस्त करून मिळतात. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून नोंद जुळते का बघा. कुणाकडून स्लॅबमधलं नाणं विकत घेतानाही हे कराच, कारण हल्ली स्लॅबही नकली येतात. त्यावर छापलेला क्रमांक खऱ्या नाण्याचा असू शकतो, म्हणून नोंदीतला फोटो आणि हातातलं नाणं, दोन्हींवरचे ओरखडे जुळवून बघा.

'डिटेल्स' आलं तर स्लॅब फोडून ते नाणं सुटं, दोष न सांगता विकण्याचा मोह होईल. तसं करू नका. तुमच्यासारखाच एखादा नवखा ते घेईल आणि पुन्हा शुल्क भरून पाठवेल.

स्लॅब पूर्णपणे हवाबंद नसतो. दमट हवेत नाणं आतल्या आतही रंग बदलतं, म्हणून कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि त्या पुड्या अधूनमधून बदला. आणि पाचव्या पायरीत लिहिलेला अंदाज वहीत शोधून त्याच्या शेजारी मिळालेला ग्रेड लिहा. काही पाकिटं गेल्यावर त्या दोन रकान्यांतून कळतं की चांदीच्या नाण्यांत तुमची नजर बसली आहे, की तांब्याच्या लाल रंगाला तुम्ही नेहमीच जास्त गुण देताय. पुढच्या वेळी कुठली नाणी पाठवायची आणि कुठली घरीच ठेवायची, हे ठरवायला त्याचा फार उपयोग होतो.